ओला कागद

डोंगराच्या पायथ्याशी कागद बनवणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे यासीन आणि लतीफ हे दोघे भाऊ राहत. थोरला यासीन हौदातल्या लगद्यात जाळीचा साचा बुडवून कागद उचली. त्याची बायको रशीदा तो ओला कागद भिंतीवर वाळायला चिकटवी. धाकटा लतीफ उतावळा. त्याचं आणि भाभीचं कधी पटलं नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याला यासीनच पोचवी.

तापाचं निमित्त झालं आणि यासीन गेला. त्याने उचललेला शेवटचा कागद फळीवर ओलाच राहिला.

लतीफने तो वाळू दिला नाही. ज्या पाण्यात भाईचा हात होता, ते पाणी अजून या कागदात आहे, असं त्याला वाटे. ऊन चढलं की तो कागदावर पाणी शिंपडी आणि जवळ बसून राही. हौद बंद पडला.

"कागद आहे की तान्हं बाळ?" रशीदा म्हणाली. "किती न्हाऊ घालशील?"

"तुमचे डोळे वाळले असतील, भाभी. माझे नाही वाळले."

रशीदा मग हळूच म्हणाली, "हे पाणी तू विहिरीवरून आणलेलं. त्यांचं पाणी कधीच उडून गेलं रे."

लतीफला राग आला. कागद तिच्यापासून लपवावा म्हणून त्याने तो झटक्यात उचलला. एक कोपरा लगदा होऊन त्याच्या बोटांत आला. तो घाबरून जागीच थिजला.

"हलू नकोस," रशीदा म्हणाली. तिने खालून दोन्ही तळवे लावले. "यात डिंक नाही, खळ नाही. तुझे भाई सांगायचे, ओले असताना लगद्यातले धागे पाण्याला बिलगून असतात. पाणी निघून जाताना त्यांना जवळ ओढतं. मग ते एकमेकांना बिलगतात. तेव्हाच कागद होतो."

शिकलेली माणसं या बिलगण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. थेंब थेंबाला धरून राहतो, उंच झाडाच्या शेंड्याला पाणी पोचतं, आईबापाचा वारसा वाहणाऱ्या डीएनएच्या जुळ्या धाग्यांमुळे एका भावाचं नाक दुसऱ्या भावाच्या चेहऱ्यावर दिसतं, या सगळ्यांत हे बंध असतात. एकेकटा बंध फार दुबळा असतो. पण ते अगणित असतात.

"म्हणजे पाणी जाऊ द्यायचं?" लतीफने विचारलं.

"त्याशिवाय हा टिकणार नाही. रोज भिजवलास तर कुजून जाईल."

दोघांनी मिळून तो कागद भिंतीवर लावला. लतीफ दिवसभर समोर बसला. ओल कडेकडेने आटत गेली. शेवटचा ओला ठिपका उरला तेव्हा त्याने त्यावर बोट ठेवलं. बोट उचललं, तोवर तोही वाळला होता.

रशीदाने कागद सोडवला. तो पांढरा, कडक झाला होता. एक कोपरा तेवढा नव्हता. लतीफने कागद गालाला लावला. भाईचा हात त्यात कुठेच नव्हता.

"उद्यापासून हौदावर मी बसतो," तो म्हणाला. "भिंतीपाशी तुम्ही उभ्या राहाल?"

"राहीन. पण घाई केलीस तर तुलाच भिंतीला चिकटवीन."

लतीफला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. रशीदाही रडली. यासीन गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच जवळ बसून रडली.

तात्पर्य: गेलेल्या माणसाला धरून ठेवता येत नाही, त्याच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागेत मागे राहिलेल्यांनी एकमेकांना धरावं. असे बंध लहान असतात, पण पुष्कळ झाले की तेच घर सांभाळतात.