चाळीस माणसं

सांगलीच्या शर्मिला कुडचे गच्चीवरच्या बागेचे व्हिडिओ नुकतेच टाकू लागल्या होत्या. ऑनलाइन मार्केटिंगच्या वर्गात त्यांनी आपल्या प्रेक्षकांचा आकडा सांगितला, तेव्हा शिकवणारे राजाध्यक्ष सर सगळ्यांदेखत हसले, "चाळीस माणसं? याला प्रेक्षक म्हणत नाहीत, बाई. मला दोन लाख लोक बघतात."

हे सगळं बंदच करावं, असं शर्मिलाताईंना क्षणभर वाटलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मी तापाने पडले आणि व्हिडिओ चुकला, तेव्हा त्या चाळिसांतल्या तिघींनी फोन करून तब्येत विचारली. तुम्ही महिनाभर गप्प बसलात, तर कोण विचारेल?"

सरांनी पुढची स्लाइड लावली.

चहाच्या सुट्टीत ते हळूच जवळ आले. "त्या तिघी तुम्हाला फोन का करतात?"

"आधी मी केला होता. त्यांच्या गुलाबांवर कीड पडली होती."