पुढचे शब्द

"पाळकसाहेब, प्रार्थना ऐकणारा कोणी आहे तरी का?"

आढाव पाळक गावातल्या चर्चच्या पायरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी मान वर केली.

समोर रत्नाकर त्रिभुवन उभा होता. शाळेत मराठी शिकवणारा. रविवारच्या उपासनेत प्रार्थना करावी तर रत्नाकरनेच, असं प्रवरेकाठच्या त्या गावात सगळे म्हणत. आजाऱ्याच्या उशाशी, मयताच्या घरी लोक त्यालाच बोलवत. त्याची प्रार्थना ऐकून माणसांचे डोळे भरून येत, आणि हे त्याला ठाऊक होतं.

नाताळाच्या आधी त्याची बायको एस्तेर अंगणात कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून रत्नाकर शाळेतून रजा घेऊन घरीच होता, उपासनेलाही आला नव्हता.

"काय मागतोस?" पाळकांनी विचारलं.

"बळ. दुसरं काही मागायची हिंमतच होत नाही."

"कसं मागतोस? मागून दाखव."

"इथे?"

"इथेच."

रत्नाकरने डोळे मिटले, हात जोडले.

"हे सनातन, सर्वसमर्थ पित्या, तू जो युगानुयुग आपल्या लेकरांचा दुर्ग आणि आश्रय..."

तो थांबला. ओठ हलत होते, पण पुढचं वाक्य येईना.



"...बापा," शेवटी रत्नाकर म्हणाला, "मी दमलोय रे."

"आमेन," पाळक म्हणाले.

रत्नाकरने चमकून डोळे उघडले. मग खालच्या पायरीवर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. पाळकांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आत्ता एस्तेरपाशी कोण आहे?"

"शेजारची सारामावशी. इथे यायचं होतं, म्हणून आज बसवलं तिला."

"एरवी येत नाही?"

"रोज येते. भाकरी घेऊन येते. 'मी बसते पोरीपाशी, तू जरा अंग टाक' म्हणते. मीच नको म्हणतो."

"का?"

"आजवर लोकांच्या दुःखात मी जात आलो, साहेब. आता लोकांनी माझ्या..."



"घरी जा," पाळक म्हणाले. "आणि गेल्या गेल्या साराला उठायला लावू नकोस."

रत्नाकर घरी आला. दारातच थबकला.

सारामावशीने एस्तेरला भिंतीला टेकवून बसवलं होतं. केसांना तेल लावून वेणी घालता घालता ती आपल्या घोगऱ्या आवाजात भजन म्हणत होती. सूर साफ चुकत होता. आणि एस्तेर हसत होती. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसत होती.

"आलास? उठते मी," सारामावशी म्हणाली.

"बसा, मावशी."

"अं?"

"बसा ना. भाकरी आहे का?"

तिने ताट वाढलं. तो जेवला. भिंतीशी चटई टाकून टेकला, तो तिथेच झोपला. जाग आली तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि त्याच्या अंगावर कोणाची तरी चादर होती.

त्या दिवसानंतर त्याच्या घराचं दार दिवसा लोटलेलं राहिलं नाही. समोरचा दाविद एस्तेरला उचलून अंगणात उन्हाला बसवायला येऊ लागला. शाळेतल्या सोनवणेबाई दुपारी तिच्या हातापायांना तेल चोळून जात. कोणी वरण आणी, कोणी नुसतंच येऊन बसे.

ईस्टर झाल्यावर एका सकाळी रत्नाकर पुन्हा पाळकांकडे आला. या वेळी तो आल्या आल्या पायरीवर बसला.

"कशी आहे पोर?"

"हात अजून उठत नाही. एक शब्द मात्र परत आलाय." रत्नाकर हसला. "'ये' म्हणते. दारात कोणीही आलं की 'ये'. काल मांजर आलं, त्यालाही 'ये'."

पाळकही हसले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

"बळ मिळालं?"

रत्नाकरने विचार केला.

"मला वाटायचं, वरून काहीतरी अंगात उतरेल. तसं काही उतरलं नाही, साहेब. पण सकाळ होते आणि मी उठतो. तिचं तोंड पुसतो, चहा भरवतो. तेवढ्यात अंगणात कोणाच्या तरी चपला वाजतात... आणि मला भरून येतं."

"मग?"

"मग 'आभार, बापा' म्हणतो."

"पुढे?"

"पुढे काही नाही. तेवढंच येतं."

मग तो मान खाली घालून म्हणाला, "तेच सांगायला आलो होतो. पूर्वीसारखी प्रार्थना आता माझ्याने होत नाही. शब्दच राहिले नाहीत. रविवारच्या प्रार्थनेसाठी तुम्ही दुसरा माणूस शोधा."

पाळकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्याला तर कधीपासून शोधत होतो," ते म्हणाले. "आज आलास."