भिमाक्काच्या दुकानातली गर्दी

जंगलात इंटरनेट नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. भिमाक्का अस्वलीने मध विकायला वेबसाइट काढली. कोण किती वेळा येऊन गेलं ते मोजणारा टॅग सुतारपक्ष्याने त्यावर बसवून दिला.

भेटींचा आकडा रोज फुगायचा, मागणी मात्र जेमतेम. भिमाक्का रडकुंडीला आली. "सगळे नुसते बघून परत जातात. माझा मधच बेचव असणार. बंद कर बाबा हे दुकान!"

सुतारपक्ष्याने आकडे तपासले आणि तो खुदकन हसला. "अक्का, ही सगळी गर्दी एकाच गुहेतून येतेय. दिवसभर दुकान कोण उघडून बघतं?"

"मीच की! कुणी आलं का, ते बघते."

त्याने टॅगमधून तिच्या भेटी वगळल्या. उरले ससा आणि खार. दोघांनीही मध घेतला होता.

"म्हणजे परत कुणीच गेलं नाही!" भिमाक्काने सुटकेचा निःश्वास सोडला, मोबाइल बाजूला ठेवला आणि ती पोळ्याकडे निघाली.