वज्रीने घासलेले पाय

गोदावरीच्या काठी पिंपळदरा नावाचे गाव आहे. माती अशी काळी आणि चिकट, की एकदा पायाला लागली की घरापर्यंत सोबत करते. याच गावात येशुदास महाराजांनी आपल्या आयुष्याची शेवटची बावीस वर्षे काढली. महाराज ख्रिस्ती धर्मगुरू होते. पण अंगात भगवी कफनी, पाय अनवाणी आणि मुखी सदा प्रभूचे भजन. त्यामुळे देवळात जाणारे काय आणि चर्चमध्ये जाणारे काय, सारे गाव त्यांना महाराजच म्हणे.

पवित्र गुरुवारी महाराज बारा जणांचे पाय धूत. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पण पिंपळदऱ्याच्या लोकांचा एक मोठा गमतीचा रिवाज होता. महाराजांच्या हाती मळके पाय कसे द्यायचे, म्हणून ते आधी घरीच पाय धूत! नुसते धूत नसत, तर तीन दिवस आधीपासून वज्रीने टाचा घासत, खोबरेल लावत आणि मातीत पाय पडू नये म्हणून बैलगाडीतून येत. शेवटी परातीतले पाणी इतके नितळ राही की गाईने आनंदाने प्यावे. महाराज पाहत आणि गालात हसत.

ते बारा जण कोण, हे लूकस मास्तर ठरवत, आणि त्यांत एक पाट त्यांचा स्वतःचा असेच. मास्तर मोठे सत्शील गृहस्थ. चाळीस वर्षे शाळा चालवली, दुष्काळात घरची चूल पेटवून गावाला जेवू घातले, उपवासकाळात चाळीसही दिवस एकभुक्त राहत. एवढे पुण्य गाठीशी असल्यावर माणसाची मान जराशी ताठ होतेच. मास्तरांची तर मागे वळायचीच विसरली होती.

आणि गावात एक शांतवन होता. कबरी खणणारा. तरुणपणी दारूच्या भरात त्याने धाकट्या भावाला भर पावसात घराबाहेर काढले होते. भाऊ गेला तो गेलाच. शांतवनने दारू सोडली त्याला तीस वर्षे झाली, पण दर पावसात तो उठून दाराची कडी काढून ठेवी. आता त्याचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी सांगितले होते, पुढचा पावसाळा दिसणार नाही.

तो महाराजांकडे आला आणि म्हणाला, "म्हाराज, माझ्या पदरात एकबी पुण्य न्हाई. नुसता भरवसा हाय परभूवर. तेवढ्यावर माझं तारण व्हईल का?"

महाराज म्हणाले, "गुरुवारी पाय धुवायला ये."

मास्तरांना हे कळले तेव्हा ते खो खो हसले. भर बाजारात म्हणाले, "शांतवन, नुसत्या भरवशावर स्वर्गात जाणार होय रे? भरवशाच्या म्हशीला टोणगा! आधी काही करून दाखव." आणि बारा जणांत त्यांनी त्याचे नाव घेतलेच नाही. शांतवन खाली मान घालून निघून गेला. त्याला राग नाही आला. त्याला ते पटले, आणि हेच खरे दुःख होते.

गुरुवार उजाडला. बारांपैकी एकाची एस.टी. चुकली आणि मास्तरांच्या शेजारचा पाट रिकामा राहिला. उन्हे अजून कलती होती. गौरवगीतासोबत घंटा वाजली आणि रिवाजाप्रमाणे मुकी झाली. आता ती पुनरुत्थानाच्या उपासनेतच बोलणार. महाराज दाराकडे पाहू लागले. तिथे शांतवन उभा होता. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, हातात खोरे.

"कुठून आलास?" महाराजांनी विचारले.

"मसणवट्यातून. माझीच कबर खणीत व्हतो, म्हाराज. माझ्यामागं कोण खणणार?"

"ये, बैस."

"महाराज, याचे पाय तरी बघा!" मास्तर कडाडले.

महाराज शांतपणे म्हणाले, "मी पायच धुवायला बसलोय, मास्तर. धुतलेले पाय मी काय धुवू?"

शांतवनने खोरे दाराशी टेकवले आणि तो भीत भीत पाटावर बसला. महाराजांनी पाणी ओतले. कबरीची माती ढेकळांनी परातीत पडली, आणि काय सांगावे! पडली आणि नाहीशी झाली. पाण्याखाली परातीचे तांबे लखलखत होते. शांतवनचे पाय तान्ह्या मुलाच्या पायांसारखे दिसू लागले.

मग महाराज मास्तरांकडे वळले. त्या गोऱ्या, तेल लावलेल्या पायांवर पाणी पडले आणि काळे झाले. ताज्या कबरीचा वास चर्चभर पसरला. महाराजांनी परात रिकामी करून पुन्हा पाणी ओतले. पुन्हा काळे. मेणबत्त्यांच्या ज्योती हलेनाशा झाल्या.

तेवढ्यात मागच्या मसणवट्यातून आवाज आला. खर्रर्र... धप्प. कोणी खोऱ्याने माती ओढत होते. खर्रर्र... धप्प. गावात कबर खणणारा एकच माणूस, आणि तो तर इथे बसलेला! त्याचे खोरे दाराशी सगळ्यांना दिसत होते. बायकांनी पोरांना पोटाशी धरले.

"महाराज, ही कबर कुणासाठी?" मास्तरांनी विचारले.

महाराजांनी तिसरा तांब्या उचलला.

तेव्हा मास्तरांचा बांध फुटला. "ओतू नका, महाराज! आधी ऐका. शांतवन, तीस वर्षांपूर्वी त्या पावसात तुझा भाऊ माझ्या दारी आला होता. दारुड्याच्या घरचा म्हणून मी आतून कडी लावली. तो बराच वेळ हाका मारत होता. त्यानंतर मी गावाला जेवू घातले, उपास केले, सारे केले. पण ती कडी काही निघाली नाही. माझे पाय माझ्याने धुतले जात नाहीत, महाराज. तुम्ही धुवा!"

शांतवनने आपला खरबरीत हात मास्तरांच्या हातावर ठेवला. "त्याला भाईर तर मीच काढला व्हता, मास्तर. आपण दोघं एकाच परातीतले."

महाराजांनी पाणी ओतले. ते नितळ राहिले. त्याच क्षणी बाहेरचा आवाज थांबला.

सारे मसणवट्यात धावले. दिवस मावळायला अजून अवकाश होता, त्यामुळे सगळ्यांना स्वच्छ दिसले. शांतवनने दिवसभर खपून खणलेली कबर बुजलेली होती, माती थापून सारखी केलेली होती. कडेला अनवाणी पावलांचे दोन ठसे उमटले होते, आणि दोन्ही पावलांच्या मधोमध खिळ्याएवढे एकेक भोक होते. त्यात पाणी साचले होते.

मास्तरांनी त्या मातीत कपाळ टेकले. महाराज त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, चालून चालून पाय धुतले जात नाहीत. तो धुतो, म्हणून आपण चालायचे."

डॉक्टरांचे म्हणणे खोटे पडले. शांतवन आणखी नऊ पावसाळे जगला. मास्तर रोज त्याच्या घरी जात. आणि पाऊस आला की आता दोन घरांच्या कड्या निघत.

नवव्या वर्षी पवित्र बुधवारी शांतवन शांतपणे गेला. गुरुवारी त्याची कबर मास्तरांनी स्वतः खणली, कुणाला खोऱ्याला हात लावू दिला नाही. त्याला माती देऊन ते तसेच चर्चमध्ये आले. म्हाताऱ्या महाराजांपुढे पाटावर बसून त्यांनी गुडघ्यापर्यंत काळे झालेले पाय परातीत ठेवले आणि मान लववून म्हणाले, "महाराज, या वर्षी मळके आणलेत."