चुलीवरची खुंटी

“भाव चढा देतो, रोख देतो, वजनात चिमूटभर खोट नाही. तरी बाबा, दर साली नाचणी बारीक का होत चाललीय?”

श्रीरंग पाटणकराने खांद्यावरची पिशवी उतरवून मठाच्या पायरीवर बसता बसताच विचारलं.

नाथबाबा विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली.

“चपला काढ आधी.”

श्रीरंगाने काढल्या. माणूस सरळ होता. फक्त आपल्या सरळपणाचा त्याला अंमळ जास्तच अभिमान होता. डोंगरातल्या तीस वाड्यांची नाचणी घ्यायची आणि शहरात पीठ करून विकायचं, हा त्याचा धंदा. दलालाला त्याने वाटेतून उचलून बाजूला ठेवलं होतं. कुणाच्या घरी म्हैस कधी व्याली, हेही तो तोंडपाठ सांगे.

पण पहिल्या वर्षीची टपोरी नाचणी दुसऱ्या वर्षी बेताची झाली आणि तिसऱ्या वर्षी निम्मा कोंडा. यंदाही तेच झालं तर गिऱ्हाईक तुटणार होतं. मग वाड्यांवरची खरेदी बंद, आणि लोक पुन्हा त्याच दलालाच्या दारात. या विचाराने त्याला आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

“माती तपासली,” तो म्हणाला. “खत तपासलं. जाणकार माणसं आणली. दोष सापडत नाही.”

“माणसं?”

“माणसं तर सोन्यासारखी!”

“मग उरला कोण?” बाबांनी विचारलं आणि ते पुन्हा धार लावू लागले.

श्रीरंगाला ते काही फारसं रुचलं नाही...

थोड्या वेळाने बाबांनी विळा त्याच्या हातात दिला. मठामागे त्यांचं हातभर वावर होतं. नाचणी पिकून तांबूस झाली होती.

“आज कापणी काढतोय. पहिली ओंजळभर कणसं तू आण. बघू तुझी पारख.”

पारखेचं नाव निघालं आणि श्रीरंगाची कळी खुलली. तो वावरात शिरला. पाहतो तर एकेक कणीस मूठ वळल्यासारखं भरलेलं! तीन वर्षांत अशी नाचणी त्याने पाहिली नव्हती. त्याने सगळं वावर पालथं घातलं आणि वेचून वेचून सर्वांत टपोरी कणसं आणली.

“वा,” बाबा म्हणाले. “नजर आहे तुला.”

त्यांनी कणसांची जुडी बांधली. आत जाऊन चुलीवरच्या खुंटीला, धुरात टांगली. मग डब्यातलं पीठ काढून भाकरी थापायला बसले.

श्रीरंग दारातून बघत राहिला.

“बाबा, ही... दळायची नाहीत?”

“ही? ही पुढच्या सालाची.”

“मग खायला?”

“उरलेलं वावर आहे की.”

बाबांनी भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

“अहो, पण आम्ही तर हीच घेतो,” श्रीरंग म्हणाला. “पहिली निवड! बायका कापणीआधी वावरात फिरून अशीच कणसं वेचतात. त्यांना वरचा भाव मीच सुरू केला. आधी बिचाऱ्या ती नुसती घरात...”

तो थांबला.

बाबांनी चुलीतलं लाकूड तेवढं मागे ओढलं.

श्रीरंगाच्या डोळ्यांपुढे वाड्यांवरची घरं आली. प्रत्येक घरात त्याने चहा घेतला होता, चुलीपाशी बसून. चुलीवर खुंटी होती. सगळीकडे होती. आणि गेल्या साली सगळीकडे ती मोकळी होती. ठकूबाई मोरेंच्या घरी तर खुंटीला त्याच्याच कंपनीचं कॅलेंडर लटकत होतं. त्यावर त्याचाच हसरा फोटो, धुराने काळा पडलेला. तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता...

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जेव,” बाबा म्हणाले.

भाकरी, मिरचीचा ठेचा, वर ताक. पहिली भाकरी त्याने मान खाली घालून खाल्ली. तिसऱ्या भाकरीला त्यानेच हात पुढे केला.

“गोड आहे हो...”

“उरलेल्या वावराची आहे. गेल्या सालची.”

श्रीरंग हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. या भाकरीला शहरात कोण नाक मुरडणार होतं?

“म्हणजे पहिली निवड मी घ्यायचीच नाही,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “वरचा भाव उरलेल्या नाचणीला द्यायचा.”

बाबा ताक पीत होते.

“पण आता त्यांच्याकडे तसं बी कुठून येणार, बाबा?”

“पिशवीत काय आहे तुझ्या?”

श्रीरंग चपापला. पिशवीच्या तोंडातून कणसांची एक जाडजूड जुडी डोकावत होती. पहिल्या वर्षीची, ठकूबाईंच्या घरची. नाचणी कशी असावी हे गिऱ्हाइकाला दाखवायला तो ती सगळीकडे मिरवत असे. त्याने ती बाहेर काढली. दाणे अजून घट्ट होते.

त्याचे डोळे भरून आले. भक्तिभावाने त्याने ती जुडी बाबांच्या पायांपाशी ठेवली.

“ही तुमच्या चरणी, बाबा. तुमच्या चुलीवर राहू द्या.”

बाबांनी पाय मागे घेतले.

“माझी खुंटी भरलेली आहे, लेका.”