लिंबाचा जित्ता मासा

नदीकाठच्या एका गावात एक भोळा सुतार व्हता. नाव लिंबा. भोळा म्हनायचं, कारन दुसरा शब्द त्याच्या बायकूनं वापरून वापरून झिजवला व्हता.

बायकू शेवंता. ती एकदा म्हनली, "म्हशीला ऊन लागू देऊ नका." हा छत्री घिऊन म्हशीमागं. म्हस शेजाऱ्याच्या मक्यात शिरली. ह्यानं मक्यातबी छत्री धरली. म्हशीनं सावलीत उभं ऱ्हाऊन आर्धं रान खाल्लं. शेवंतानं बोचकं बांधलं आन गेली पलीकडच्या काठाला, माहेरी.

सासरा हैबती, होड्या बांधनारा. म्हातारा म्हंजे निखारा. लिंबा बायकूला न्यायला गेला तसा म्हनला, "नवी होडी तयार हाय. तिच्या नाकाडावर लाकडाचा मासा बसल्याबिगर ती पान्यात जात न्हाय, ही आपली रीत. आन तिच्या पहिल्या फेरीला गावची लेक सासरी जाती, हीबी रीत. माझा हात आता कापतो. मासा तू कोर. जित्ता वाटला पायजे. बसला तर शेवंता त्याच होडीतनं तुझ्या घरी. न्हाय बसला तर इसर तिला."

लिंबाचं एक हाय. सांगितलेलं इसरत न्हाय. तिथंच तर सगळा घोळ हाय.

पहिला मासा कोरला. हैबतीनं उलटापालटा करून बघितला. "हे काय लाटनं हाय? आरं, खरा मासा डोळ्यांसमोर ठिव आन मग कोर."

"बरं मामा. ध्यानात ठिवतो."

मासं धरनाऱ्या भोयाकडनं एक मरळ आनली. तिच्या शेपटीला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक आपल्या कपाळाला. झाला मासा डोळ्यांसमोर. हिकडं बघितलं तर मासा, तिकडं बघितलं तर मासा. लाकूड तेवढं दिसंना. कोरायची पटाशी दोनदा अंगठ्यावर बसली. जेवतानाबी सोडला न्हाय, निजतानाबी न्हाय. गावातली समदी मांजरं मागं. चौथ्या दिवशी हैबती नाक दाबूनच आला.

"आरं गाढवा, मासा पान्याभाईर टिकतो व्हय? मासा पान्यात ठिवावा."

"बरं मामा. ध्यानात ठिवतो."

दुसरा मासा कोरला. चांगला कोरला, खोटं कशाला बोला. आन नेऊन ठिवला रांजनात. आठ दिस. रोज सकाळी वरनं मूठभर चुरमुरं टाकी. लाकूड फुगलं, फुगलं आन नाकापास्नं शेपटीपतूर चिरलं.

हैबतीनं कपाळ बडवून घेतलं. "पानी पाजून मारलास की त्याला. मुडद्या, तेलात ठिवायचा असतो."

"बरं मामा. ध्यानात ठिवतो."

नमुन्याला पुन्हा मरळ आनली. ह्या खेपंला जित्ती. आन सोडली तेलाच्या डब्यात. शेजारीन म्हनली, "लिंबाभाऊ, चूल कवा पेटिवताय?"

हैबती तरातरा आला. त्यानं लिंबाचा कान धरला आन सावकाश सांगितलं, "लाकूड तेलात. जित्ता पान्यात. म्हन."

"लाकूड तेलात. जित्ता पान्यात."

"पुन्हा म्हन."

शंभर डाव म्हनवून घेतलं. बसलं डोक्यात.

तिसरा मासा महिनाभर चालला. खवला न खवला येगळा. कल्ला असा, की आत्ता हलंल. तेल पाजून सावलीत वाळवला. एक बोका त्याला घिऊन पळाला आन दात पाडून परत आला.

होडी पान्यात घालायचा दिस आला. गाव गोळा झालं. शेवंता नवं लुगडं नेसून, बोचकं मांडीवर घिऊन होडीत बसली. तोंड फिरवून बसली, पर वठाच्या कोपऱ्यात हसत व्हती. ठोकायच्या आधी हैबतीनं माशावरनं हात फिरवला. म्हाताऱ्याचं डोळं भरून आलं.

"लिंबा, लेका, ह्यो लाकडाचा न्हायच. जित्ता हाय."

"खरं, मामा?"

"आईशप्पत."

लिंबानं मासा उचलला आन नदीत टाकला. पार मधल्या धारंत.

लाकूडच ते. उलटं तरंगलं, पोट वर. लिंबा मटकन खाली बसला. "मेला. मामा, तुमी बोलत बसला, त्यात मेला."

"आरं, त्यो मरंल कसा?" हैबती म्हनला.

"मेला न्हाय? मग बरं झालं."

मासा वळनाआड गेला. शेवंता बोचकं घिऊन खाली उतरली. "त्यो मासा आना, मग मी येते," म्हनली आन घरात गेली.

लिंबानं भोयाला इचारलं, मासा कसा धरू. भोई म्हनला, "गळ टाकायचा. गप बसायचं. आवाज केला तर मासा बिचकतो." लिंबा आपल्या काठाला गळाला गांडूळ लावून बसला.

आठव्या दिवशी खालच्या गावच्या धोब्याला मासा घावला. त्यानं आनून दिला. हैबतीनं लगोलग होडीवर ठोकला. शेवंताचाबी राग पान्यागत वाहून गेला व्हता. ती होडीत बसली. होडी आली ती नेमकी लिंबाच्या म्होरं. म्होरं मासा, मागं बायकू.

"अवो," शेवंता म्हनली, "उठा. आलेय मी. घरी चला."

लिंबानं पान्यावरची नजर हलवली न्हाय. वठावर बोट ठिवलं. "श्श. होडी माघारी ने. मासा बिचकंल."