सूचना एकमताने मंजूर

एका रानात एक सिंह राज्य करायचा. करायचा म्हणजे झोपायचा. राज्य आपलं आपण चालायचं. त्याच्या गुहेला सगळे 'गाभा' म्हणत, कारण हुकूम तिथूनच निघत आणि तक्रारी तिथंच जिरत.

रानाची एक जुनी रीत होती. आग, पूर, शिकारी, काहीही दिसलं की टेकाडावरची गोदाक्का भेकर भुंकायची. ती भुंकली की ज्यानं त्यानं तोंडातला घास टाकून आधी पळायचं आणि मग विचारायचं, काय झालं? पळापळ फार व्हायची, पण मरायचं कुणी नाही.

अडचण एकच होती. गोदाक्का भुंकली की महाराजांची झोप मोडायची. म्हणून प्रधान तरसोजींनी गाभ्याच्या कारभारात एक दुरुस्ती सुचवली. यापुढं कुणी परस्पर भुंकू नये. भुंकणं गाभ्यात जमा करावं. पुरेशी भुंकणी साठली की ती दरबारी वेळेत रानाला एकदम कळवली जातील. साठा भरलाच, तर जुनी भुंकणी आपोआप रद्द समजावीत. घोषणाही तयार होती, 'एक रान, एक कान!'

दुरुस्तीच्या छाननीसाठी वडाखाली सभा भरली. अध्यक्ष रेडेसाहेब. हरकती व सूचना असल्यास मांडाव्यात, असा पुकारा झाला. गोदाक्कानं आपलं पाडस टेकाडाखालच्या गवतात निजवलं आणि ती तरातरा सभेला आली. टेकाडावर त्या दिवशी कुणीच नव्हतं, कारण पहाऱ्यावरून भुंकावं की नाही यावरच सभा होती ना!

"माझी हरकत आहे," गोदाक्का म्हणाली. "भुंकणी साठेपर्यंत आगीनं काय करायचं?"

"थांबायचं," तरसोजी हसून म्हणाले. "शिस्त सगळ्यांनाच हवी, अक्का."

सभा खदखदून हसली. तेवढ्यात गोदाक्काच्या नाकाला धूर लागला. तिनं वळून पाहिलं. टेकाडामागून काळे लोट उठत होते. बाई गं, माझं पाडस!

"अहो, वणवा लागलाय!" ती ओरडली.

रेडेसाहेबांनी चष्मा सावरला. "खूर वर करून बोला. ही हरकत, की सूचना?"

"सूचनाच देतेय, मेल्यांनो! दुसरं काय देतेय?"

"सूचना आहे म्हणतात. अनुमोदन?"

"अनुमोदन! अनुमोदन!" राघूअण्णा पोपट फांदीवरून म्हणाले. काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. ते कधीच विचारत नसत.

"'वणवा लागलाय' ही सूचना सभा एकमतानं मंजूर करते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका सशानं भीतभीत विचारलं, "साहेब, अंमलबजावणी कधी?"

"सुरू झालीय," मागून कुणीतरी खोकत म्हणालं.

गोदाक्काचं डोकं फिरलं. घातली चुलीत तुमची सभा! तिनं मान ताठ केली आणि बापजन्मात भुंकली नव्हती अशी भुंकली. झालं! सवय ती सवय. अख्खी सभा उठून नदीकडं पळत सुटली, सगळ्यात पुढं अध्यक्ष. गोदाक्का मात्र उलटी धावली. गवताला एका बाजूनं आग भिडली होती आणि पाडस जागच्या जागी थिजलं होतं. तिनं त्याला ढुशा दिल्या, शिव्या दिल्या, आणि ढकलत ढकलत पाण्यात आणलं. पाण्यात उभं राहून ती त्याला चाटत होती, रागावत होती आणि रडत होती, सगळं एकदमच.

एकूण एक प्राणी वाचला. तरसोजींची फक्त शेपूट जळाली.

झोप मोडून पळत आलेले महाराज गळाभर पाण्यात भाषणाला उभे राहिले. "प्रजाजनहो! रानात वणवा लागलेलाच नाही. आणि तो आम्ही वेळेत विझवला!"

दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. तेवढ्यात, पाण्यातल्या पाण्यात, दुरुस्तीही मंजूर झाली.

गोदाक्का अजून टेकाडावरच असते आणि दिसलं की भुंकते. पाडसही आता भुंकायला शिकलंय, आणि त्याचा आवाज आईच्या वरताण आहे. गोदाक्कावर खटला चालू आहे. आरोप अफवा पसरवल्याचा. पुरावा म्हणून दरबारनं जळालेलं रान जोडलंय.